‘केलं’चं ‘करावे’

निवृत्ती : झाला पहिला खण. आता दुसरा. तक्रार : इंजिन तापून बंद पडणे. उपाय : ‘लिंबाखाली बसावे. चहा मागवावा. चहा गुळाचा असल्यास दुसरा कप घ्यावा. मग हँडल मारावे. इंजिन चालू व्हावे.’ बरोबर आहे ना, शकूरभाई?

शकूर : थांबा थांबा, बाबूजी. हे कोन्या येड्यानं सांगतलं?

निवृत्ती : तुम्ही.

शकूर : म्या? इंजन बंद पडलं तं चहा ढोसा म्हून म्या सांगतलं?

निवृत्ती : हे बघा मूळ कार्ड. मागच्या उन्हाळ्यातलं आहे. ‘पिंपळगाव काळे. पुंजाजी. इंजन तापून बंद पडलं. लिंबाखाली बसलो. चहा मागवला. गुळाचा होता, आनखी एक कप घेतला. मंग हँडल मारलं. चालू झालं.’ अक्षर माझं, शब्द तुमचे.

शकूर : अहो, ते तं म्या दिवसभराचं सांगून राह्यलो होतो! संध्याकायी दुकानात आलो का तुमी इचारता, मिस्त्री, आज काय काय केलं? म्या आपलं सांगतो. त्याचं पुस्तक होईन हे मले काय मालूम?

निवृत्ती : पद्धत समजून घ्या. हे कपाट बघा, अठ्ठेचाळीस खण. एकेका खणात एकेका प्रकारची तक्रार. खामगावपासून पार जळगाव जामोदपर्यंत आपल्या दुकानानं विकलेलं कुठलं इंजिन कसं बंद पडलं आणि तुम्ही जाऊन काय केलंत, ते सगळं यात आहे. आठ वर्षांची कार्डं. आता गिऱ्हाइकासाठी माहितीपुस्तिका करायची, तर बसून डोकं लढवायची गरजच काय? खण उघडायचा, वरचं कार्ड घ्यायचं, गावाचं नि माणसाचं नाव गाळायचं, ‘केलं’चं ‘करावे’ करायचं, टाइप करायचं. पुस्तिका आपोआप तयार! मी पदरचा एक शब्द घातलेला नाही.

शकूर : डोकं बी नाही घातलं.

निवृत्ती : तोच तर या पद्धतीचा गुण आहे. माणसानं डोकं घातलं की चुका होतात. आणि भाषा बघा ना! आता राज्य आपलं झालं, मराठी झालं. कागद शुद्धच पाहिजे. ‘हँडल मारलं’ ही गप्पा मारायची भाषा झाली. ‘हँडल मारावे’ म्हटलं की कसा कायदा वाटतो.

शकूर : वाटते खरं. वाचा तुमचा कायदा पुढं.

निवृत्ती : खण तिसरा. हँडलने इंजिन न उचलणे. ‘घरातील बाईने शिव्या द्याव्यात. राग यावा. हँडल जोरात मारावे. इंजिन चालू व्हावे.’

शकूर : घरातली बाई कोन?

निवृत्ती : मुळात झुंबरबाई आहे. नाव गाळायचा नियम, म्हणून घरातील बाई.

शकूर : अरे बाप रे! बरं झालं गाळलं. ते आसलगावची झुंबरबाई हाय. तिचं नाव छापून आलं असतं तं तिनं अठी येऊनच दाखोलं असतं, शिव्या द्याव्यात म्हनजे कशा द्याव्यात.

निवृत्ती : खण चौथा. इंजिनातून काळा धूर येणे. ‘एकाला विचारावे. त्याने माहीत नाही म्हणावे. दुसऱ्याला विचारावे. त्यानेही तसेच म्हणावे. मग स्वतः फिल्टर उघडावा. त्यात सरडा असावा.’

शकूर : आन सरडा नसला तं?

निवृत्ती : नसल्यास... तशी तरतूद कार्डावर नाही.

शकूर : मंग शेतकऱ्यानं काय कराचं? बांधावरून एखादा धरून आनाचा, फिल्टरात टाकाचा आन मंग काढाचा?

निवृत्ती : थट्टा करू नका हो. खण पाचवा. पंपाने पाणी न उचलणे. ‘तुरीच्या वावरातून जावे. कुत्रे मागे लागावे. सायकल पंक्चर व्हावी. उशिरा पोचावे. तोवर पाऊस यावा. दुरुस्तीची गरज पडू नये.’

शकूर : हाव, हे छापाच. हे वाचून सगये खूश होतीन. कुत्र्याचं तेवढं काढा.

निवृत्ती : कुत्रं काढलं. खण सहावा. तेलाच्या नळीत हवा धरणे. ‘नळीला तोंड लावून तेल ओढावे. तेल पोटात जावे. उलटी व्हावी. इंजिन चालू व्हावे.’ ...शकूरभाई? हे बरोबर धरू?

शकूर : एक सांगा पह्यले. आन खरं सांगा. हे पुस्तक छापून आलं का मंग माहं काय?

निवृत्ती : ते भाऊसाहेबांना विचारा.

शकूर : भाऊसाहेबाले काय इचारू? दुकान त्याइचं असन, पन पत्रं तं तुमीच टाइप करता.

निवृत्ती : दसऱ्यापासून फिरता मिस्त्री नको, असं ठरलंय. प्रत्येक इंजिनाबरोबर पुस्तिका द्यायची, ज्याचं त्यानं वाचून दुरुस्त करायचं. पत्र तयार आहे, टेबलाच्या खणात. मी टाइप केलं, पण मनापासून नाही केलं हो.

शकूर : ते बी माह्या कार्डावरूनच केलं का? ‘शकूर गेला’चं ‘शकूरने जावे’?

निवृत्ती : असं नका बोलू.

शकूर : मंग कसं बोलू? अठ्ठावन्न वर्साचा झालो म्या. गावात सायकल घुसली का वावरातून लोक हात करतात, मिस्त्री आले, मिस्त्री आले. बाया बसाले पाट टाकतात. माह्या घरी तं मले कोनी पाट टाकत नाही. दसऱ्यापासून घरी बसून काय करू? घरवालीच्या, सरवरीच्या कोंबड्या खोलून परत जोडू? मले दुसरं काहीच येत नाही, बाबूजी. इंजन सोडून काही म्हनजे काहीच येत नाही.

निवृत्ती : ...मग हे सहावं कार्ड असंच ठेवतो.

शकूर : म्हनजे?

निवृत्ती : म्हणजे काही नाही. ‘तेल पोटात जावे.’ कार्डावर आहे, तसं छापायचं. पुस्तिका गावात गेली की महिनाभरात ओरड होईल. सगळ्या प्रती परत येतील. मंग भाऊसाहेबाले कोन आठवन, सांगा बरं?

शकूर : आता कसे वऱ्हाडीत आले!

निवृत्ती : मी काही सुचवत नाहीये. मी नियमानं चाललोय.

शकूर : तुमी चांगले हा, बाबूजी. पन ते क्रूड तेल हाय, शरबत नाही. माह्या पोटात गेलं तवा दोन दिवस सरवरी माह्या उशाशी बसून होती. एखादा भोया मानूस छापलेलं हाय म्हून खरंच ओढन आन गियन. नाही नाही. काढा ते. लिवा : नळीले तोंड लावू नये. नळीचा नट सैल करावा, हवा जाऊ द्यावी, तेल दिसलं का नट कसावा.

निवृत्ती : इतकं सोपं? मग त्या दिवशी तुम्हीच नट का सैल केला नाहीत?

शकूर : पाना घरी विसरलो होतो.

निवृत्ती : हे कार्डावर नाही.

शकूर : कोन सांगन, पाना विसरलो म्हून? इज्जत हाय का नाही मिस्त्रीची?

निवृत्ती : अशानं पुस्तिका चांगली होईल, शकूरभाई.

शकूर : होईन तं होऊ द्या. माह्या नशिबात असन ते असन. पुढचं वाचा, आन सरड्याच्या जागी लिवा, फिल्टर रॉकेलनं धुवावा.

(दुपार कलली आहे. दुकानाचे मालक उत्तमराव हातात पिशवी घेऊन येतात.)

उत्तमराव : निवृत्ती! कमाल केली बे तुह्या पुस्तकानं! आता जळगाव जामोदहून यष्टीनं उतरलो आन सरका अठी आलो. त्या वच्छलाबाईले कच्ची प्रत देली होती ना? काल तिचं इंजन भर उन्हात बंद पडलं. शेजारच्या मास्तरीनबाईनं पुस्तक वाचून दाखोलं. बाई बसली लिंबाखाली. चहा केला. गुळाचा होता म्हून दुसरा कप घेतला. मंग हँडल मारलं, का धडधड चालू! मले म्हन्ते, भाऊ, पुस्तक लय गुनाचं हाय, फक्त तिसरा कप घेतला तं चालन का एवढं इचारून या.

निवृत्ती : बघा! आणि शकूरभाई मला म्हणत होते, कोन्या येड्यानं सांगितलं.

उत्तमराव : शकूर, तू तिथं असता तं पाहून घेतलं असतं. मानसाची गरजच पडली नाही!

शकूर : चालू तं होईनच, मालक. आता मले बी आठोलं. तापलेलं इंजन थंड व्हाले पाऊन घंटा लागते. पन शेतकऱ्याले हात लावू नोका म्हनलं तं तो आयकत नाही. हँडल मारते, हाथोडी मारते, काहीतरी तोडून ठेवते. म्हून म्या जिथं जाईन तिथं पह्यले चहा कराले लावो. चूल पेटोस्तोर, गूळ फोडोस्तोर, कप धुवोस्तोर इंजन आपसूक थंड होऊन जाये. लोकाइले वाटे, मिस्त्री चहाचा भुकेला हाय. वाटू द्या म्हनलं.

उत्तमराव : आन हे कार्डात काऊन नाही बे, निवृत्ती?

निवृत्ती : गाव, नाव, तक्रार, काय केलं, असे चार रकाने आहेत, भाऊसाहेब. ‘का केलं’ असा रकाना नाही.

उत्तमराव : जाऊ दे, नसू दे. चालू झालं ना, बस झालं. हे पाह्य शकूर, आता एकच काम राह्यलं. जिल्ह्याच्या कचेरीतून पाचशे पुस्तकाइची मागनी हाय. त्याइले दाखला लागते, मिस्त्रीनं मजकूर तपासला, बरोबर हाय म्हून. तेवढा देऊन टाक, का तू मोकया झाला.

शकूर : मोकया म्हनजे दसऱ्यापासून मोकया.

उत्तमराव : ...निवृत्तीनं सांगतलं वाटते.

निवृत्ती : त्यांनी विचारलं, भाऊसाहेब. खोटं नाही बोलवलं.

उत्तमराव : हे पाह्य, मले काही हौस नाही आली. वय झालं तुहं. सायकल हानत कुठलोग जाशीन? आन पुस्तकाचं कसं हाय, ते आजारी पडत नाही, लग्नाले जात नाही, चार मैलावरून बोलवा लागत नाही.

शकूर : तुमी मले बोलावून सांगतलं असतं तं बरं वाटलं असतं, मालक. बाकी काही नाही.

उत्तमराव : सांगनारच होतो. तोंड होत नव्हतं. ...किती खन राह्यले, निवृत्ती?

निवृत्ती : एकच. शेवटचा, पट्ट्याचा. त्यात कार्डही एकच आहे.

शकूर : ते राहू द्या, बाबूजी. पट्ट्याचं म्या तुमाले नवीन सांगतो.

निवृत्ती : पण टाइप झालंय.

शकूर : होऊ द्या. ते नोका वाचू.

उत्तमराव : काऊन बे? सगये वाचले ना? दाखल्यावर ‘सगळा मजकूर तपासला’ लिवलं हाय. वाच, निवृत्ती.

निवृत्ती : खण अठ्ठेचाळीस. चालू इंजिनाचा पट्टा सरकणे. ‘इंजिन बंद करू नये. पट्टा हाताने चाकावर ढकलावा. डावा अंगठा पट्ट्यात जावा. चिंधी बांधावी. पट्टा बसवून काम पुरे करावे. मालकास सांगू नये.’

उत्तमराव : काय वाचलं?

निवृत्ती : भाऊसाहेब, मी फक्त नियमाप्रमाणं...

उत्तमराव : तुहं ‘करावे’ ठेव बाजूले. मूळ कार्ड वाच.

निवृत्ती : ‘खामगाव. जानराव पाटलाची जिनिंग. पट्टा सरकला. मालकानं सांगतलं होतं इंजन बंद पडू देऊ नको, म्हून बंद नाही केलं. हातानं ढकलला. डावा अंगठा गेला. चिंधी बांधली. पट्टा बसवला, काम पुरं केलं. मालकाले नाही सांगतलं.’ चौपन्न साल. दिवाळीनंतरचा आठवडा.

उत्तमराव : जानरावची जिनिंग... आपलं पह्यलं मोठं इंजन होतं ते.

शकूर : हाव.

उत्तमराव : म्याच म्हनलं होतं. कापसाचा भर हंगाम हाय, इंजन बंद पडलं तं दुकानाचं नाव जाईन. शकूर, काहीही कर, पन बंद पडू देऊ नको. आन म्या गेलो शेगावले दर्शनाले.

शकूर : नाही पडू देलं. तिसऱ्या दिवशी तुमी आले तवा चालूच होतं.

उत्तमराव : आल्यावर म्या जानरावले पेढे देले. तुले बी देला होता.

शकूर : हाव. उजव्या हातानं घेतला होता. डावा खिशात होता.

उत्तमराव : निवृत्ती, फाड ते कार्ड. काढ ते पुस्तकातून.

शकूर : पुस्तकातून काढा. पन जागा मोकयी नोका ठेवू. तठी लिवा : पट्टा सरकला तं पह्यले इंजन बंद करावं. चाक पुरं थांबू द्यावं. मंगच पट्ट्याले हात लावावा.

निवृत्ती : शकूरभाई, पण असं एकाही कार्डावर नाही. तुम्ही पट्ट्यासाठी कधी इंजिन बंद केल्याची नोंदच नाही.

शकूर : म्हून तं सांगून राह्यलो, बाबूजी.

उत्तमराव : लिव्ह. तो म्हन्ते तसंच लिव्ह.

निवृत्ती : लिहिलं. ...आता दाखला. ‘पुस्तिकेतील सर्व मजकूर मी तपासला असून तो बरोबर आहे.’ इथं सही करायची.

शकूर : सही कुठून आनू? शाई द्या, अंगठा लावतो.

निवृत्ती : ही घ्या. फक्त... इथं छापलंय, ‘निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची’.

उत्तमराव : उजव्याची घे. दुकानाच्या हजेरीत इतके वर्सं उजव्याचीच घेते ना तू?

निवृत्ती : ती आपली घरची वही. हा कचेरीचा कागद आहे. उजव्याची चालते, पण खाली रकाना आहे. ‘डाव्या अंगठ्याची निशाणी नसल्यास कारण.’ कारण काय लिहू?

शकूर : लिवा, कडबा कापताना गेला.

निवृत्ती : भाऊसाहेब?

शकूर : त्याइले काय इचारता? आमच्या घरी बकऱ्या हायेत, विळा हाय. कोनाले शक येनार नाही. लिवा.

उत्तमराव : आन खरं लिवलं तं?

निवृत्ती : चौकशी लागेल. दुकानाच्या कामात, तुमच्या सांगण्यावरून इजा झाली, हे कागदावर येईल. कोणीतरी येऊन तुमचा जबाब घेईल, जानराव पाटलांचा घेईल. ते सगळं मिटेपर्यंत पुस्तिका अडकली. या साली काही छापून व्हायची नाही. पुढच्या सालीही सांगता येत नाही.

शकूर : म्हून म्हन्तो, कडबा लिवा. पाचशे पुस्तकं हायेत, मालक. तुमी मनाले लावून नोका घेऊ.

उत्तमराव : नाही. लिव्ह निवृत्ती. जानराव पाटलाच्या जिनिंगात, चालू पट्ट्यात गेला. मालकानं इंजन बंद करू नको म्हनलं होतं म्हून गेला.

निवृत्ती : भाऊसाहेब, एकदा विचार करा. गावात काय म्हणतील?

उत्तमराव : म्हनू दे. तुले लिवता येते ना? मंग लिव्ह. आन ‘जावा’ नोको लिवू. ‘गेला’ लिव्ह.

निवृत्ती : ...‘गेला’. लिहिलं.

शकूर : मालक, हे तुमी बरं नाही केलं. पुस्तक चांगलं झालं होतं.

उत्तमराव : पुस्तक येईन तवा येईन. तवापर्यंत लोकाइचे इंजनं का चहा पिऊन नीट होनार हायेत? निवृत्ती, ते पत्र काढ टेबलातून आन फाड. जसा जात होता तसा जाईन शकूर. आन त्याले एक नवीन सायकल पाह्यजे, ते बी लिहून ठेव कुठंतरी.

निवृत्ती : ‘पाहिजे’ लिहू की ‘द्यावी’?

उत्तमराव : तू जरा बाहेर जाऊन उभा राह्य बरं.

निवृत्ती : जातो.

उत्तमराव : शकूर, बस. अठी बस, समोर. दाखव तो हात. ...आठ वर्सं झाले बे. रोज संध्याकायी माह्या समोर बसते तू, माह्या डब्यातलं पान घेते. अन मले एका शब्दानं सांगतलं नाही. काऊन नाही सांगतलं?

शकूर : तुमी इचारलं नाही, मालक.